कौतुकाच्या ओघात माणूस हरवू नये : सामूहिक कार्यक्रमांतली सद्हेतूची पण बोचणारी वाक्यं कशी टाळावीत

‘यांच्या तर रक्तातच संगीत आहे!’ निवेदक मनापासून म्हणतो, टाळ्या पडतात आणि वर्षानुवर्षं सराव करून गळा तयार केलेली गायिका ओशाळं हसते. तिची मेहनत एका वाक्यात तिच्या समाजाच्या नावावर जमा झालेली असते. तिचा अपमान करायचा कुणाच्या मनातही नव्हतं आणि नेमकं त्यामुळेच तिला काही बोलता येत नाही.

स्नेहसंमेलन, निरोपसमारंभ, शाळेतला विविधतेचा उत्सव, नव्यानं राहायला आलेल्यांचं स्वागत : जिथं वेगवेगळ्या भाषांची, वंशांची, धर्मांची माणसं हौसेनं एकत्र येतात, तिथं हे हमखास घडतं. हा लेख अशा कार्यक्रमांचे आयोजक, निवेदक आणि समितीत राबणाऱ्या मंडळींसाठी आहे. चूक ऐकू येते माइकवरून, पण ती झालेली असते त्याच्या कितीतरी आधी, कार्यक्रम ठरवायला बसतो तेव्हा. म्हणून इथल्या बहुतेक पायऱ्या कार्यक्रमाआधीच्या आहेत.

चांगलं बोललेलं बोचतं कसं?

‘अहो, पण मी तर स्तुतीच केली!’ हे म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्यामुळे त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

अमेरिकेत जॉन ऑलिव्हर सी आणि सपना चेरियन या संशोधकांनी २०१३ मध्ये या प्रश्नावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आशियाई वंशाच्या अमेरिकन लोकांना एका जोडीदारासोबत काम वाटून घ्यायचं होतं. काहींना जोडीदार नुसतं म्हणाला, ‘गणिताचा भाग तुम्ही घ्या.’ काहींना तेच सांगताना त्यानं ‘आशियाई लोक गणितात हुशार असतात’ असंही जोडलं. काम तेच, वर स्तुतीही झाली. तरी स्तुती ऐकलेल्यांना तो जोडीदार जास्त नावडला. आपल्याला माणूस म्हणून पाहिलंच नाही, आपल्या जागी आपल्या गटातला कुणीही चालला असता, ही भावना त्यामागे होती.

स्तुतीचं ओझंही होतं. चेरियन आणि गॅलन बोडेनहाउसन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आशियाई वंशाच्या विद्यार्थिनींना गणिताच्या चाचणीआधी त्यांच्या वांशिक ओळखीची आठवण करून दिली गेली. ‘तुमचे लोक यात हुशार’ हा समज त्यांच्या बाजूचाच होता. तरीही त्यांचं लक्ष विचलित झालं आणि गुण घसरले. लोकांच्या अपेक्षेला उतरायचं दडपण हुशार माणसालाही अडखळवतं.

मला सर्वात काळजीची वाटते ती तिसरी बाजू, ऐकणाऱ्यांची. ॲरन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की एखाद्या गटाबद्दलचं चांगलं सरसकट विधान कानावर पडलं तर आपण सावध होत नाही. वाईट विधान ऐकलं की मन लगेच शंका घेतं. चांगलं मात्र सहज आत जातं. सोबत ‘ही माणसं मुळातच, जन्मतःच वेगळी’ ही समजूतही आत येते, आणि मग त्याच गटाबद्दलचं वाईट विधान पटणं सोपं होतं. ज्याच्या रक्तात संगीत असतं, त्याच्या रक्तात उद्या आळसही सापडतो.

पायरी १ : आपल्या तोंडची वाक्यं ओळखा

आधी एक सोपी कसोटी. वाक्यातल्या व्यक्तीचं नाव काढा आणि तिच्या समाजातल्या दुसऱ्या कुणाचंही नाव तिथं घाला. वाक्य जसंच्या तसं चाललं, तर ते त्या व्यक्तीबद्दल नव्हतंच. ‘यांच्याकडच्या बायका फार सोशिक’ हे कुणालाही चालतं. ‘यांनी दोन दिवसांत सगळ्या नोंदी जुळवून दिल्या’ हे फक्त त्यांनाच लागू पडतं.

स्तुती ओळखणं त्या मानानं सोपं आहे. जास्त फसवतं ते आश्चर्य. ‘तुम्ही किती स्वच्छ बोलता आमची भाषा!’ यात ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती’ हे न बोलता सांगितलेलं असतं. समोरचा माणूस इथंच लहानाचा मोठा झालेला असेल, तर हे वाक्य त्याला दरवेळी नव्यानं पाहुणा करून टाकतं. ‘तसं नाही हो, मूळचे कुठले?’ हा प्रश्नही त्याच कुळातला. चेरियन आणि बेन्वा मोनँ यांनी २००५ मध्ये अशाच अनुभवाचा अभ्यास केला. आपण इथलेच आहोत यावर शंका घेतली गेली, की माणसं आपलं इथलेपण सिद्ध करायला लागतात, इथल्या गोष्टी आपल्याला किती ठाऊक आहेत ते दाखवू लागतात. आनंदासाठी आलेला माणूस परीक्षेला बसतो.

प्रेमाच्या सुरातली दयाही अशीच फसवी. ‘किती साधी, निरागस माणसं!’ सुसान फिस्क आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलं, की आपण दुसऱ्या गटांना प्रामुख्यानं दोन मापांनी मोजतो : आपुलकी आणि कुवत. बऱ्याच गटांना आपण एक माप भरभरून देतो आणि दुसरं काढून घेतो. ‘निरागस’ म्हणताना आपुलकी दिली जाते आणि जबाबदारीचं काम दुसऱ्याला मिळतं. ‘भारी हुशार आणि व्यवहारी लोक’ म्हणताना उलटं होतं. तुमच्या कार्यक्रमात एखाद्या गटाला कायम नाचगाणं आणि दुसऱ्याला कायम हिशेब दिला जात असेल, तर ही दोन मापं आठवा.

राहिलं प्रतिनिधित्व लादणं. ‘तुमच्यात याबद्दल काय मत असतं?’ असा प्रश्न विचारला की एकटा माणूस हजारोंचा वकील होतो. त्याला फक्त स्वतःचं मत असतं, आणि तेच विचारावं.

पायरी २ : ठरवणाऱ्यांच्या बैठकीत कोण आहे ते बघा

बहुतेक कार्यक्रमांत वेगळ्या समाजाच्या माणसांची आठवण होते तोपर्यंत विषय, तारीख, मांडणी सगळं पक्कं झालेलं असतं. मग फोन जातो : ‘तुमच्यातलं काहीतरी सादर करा ना!’ या वाक्यात आमंत्रण आहे, पण निर्णयात वाटा नाही. साचे, म्हणजे एखाद्या गटाबद्दलचे सरसकट ठरीव समज, जन्मतात ते इथं, कारण ज्यांच्याबद्दल ठरतंय ते समोर नसताना आपल्याकडे त्यांच्याविषयीची ऐकीव चित्रंच असतात. ती चित्रं सगळ्यांच्या डोक्यात जवळपास सारखी असल्यानं बैठकीत कुणाला खटकतही नाहीत. डॅनियल कॅट्झ आणि केनेथ ब्रेली यांनी १९३३ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या १०० विद्यार्थ्यांना ८४ गुणविशेषांची यादी देऊन दहा गटांना साजेसे गुण निवडायला सांगितले, तेव्हा कितीतरी गटांबाबत विद्यार्थ्यांचं विलक्षण एकमत झालं. एकमत झालं म्हणून ते खरं, असं समजू नये.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये गटागटांतला दुरावा कमी व्हायला अनुकूल अशा चार गोष्टी सांगितल्या : सगळ्यांचा दर्जा समान, ध्येय सामायिक, काम एकमेकांच्या साथीनं, आणि संस्थेचा किंवा प्रमुखांचा उघड पाठिंबा. पुढे थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले. त्यांचा २००६ चा निष्कर्ष असा, की प्रत्यक्ष संपर्कानं पूर्वग्रह साधारणपणे कमी होतात आणि या अटी पाळल्या तर परिणाम वाढतो. एकानं मंचावर सादर करायचं आणि दुसऱ्यानं खाली बसून बघायचं, यात चारपैकी एकही अट धड पूर्ण होत नाही. एकत्र खुर्च्या लावण्यात, हिशेब ठेवण्यात, भांडून विषय ठरवण्यात मात्र त्या आपोआप पूर्ण होत जातात.

म्हणून पहिल्याच बैठकीला बोलवा. एकाला बोलावून थांबू नका. एकटा माणूस नकार देऊ शकत नाही, दोघंतिघं असली की ती आपसातही असहमत होतात, आणि ते असहमत होणं बाकीच्यांनी बघणं फार उपयोगाचं असतं. कामं देताना नाव बघून देऊ नका. ज्याला ध्वनिव्यवस्था कळते त्याला ती द्या, मग त्याच्याकडे सुंदर पारंपरिक पोशाख असो वा नसो. बाहेरच्या कलाकारांना मानधन देत असाल, तर ‘आपल्याच माणसां’नाही द्या. ‘त्यांना आवडतं करायला’ म्हणून फुकट राबवणं हासुद्धा एक साचाच आहे.

पायरी ३ : कल्पना करण्यापेक्षा विचारा

‘स्वतःला त्यांच्या जागी ठेवून बघा’ हा सल्ला आपण सगळे देतो. त्यातून कळवळा वाढत असेल, अचूक माहिती मिळत नाही. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोग मांडले. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून त्याच्या मनातलं जास्त अचूक ओळखता येतं, असं त्यांना आढळलं नाही. थेट विचारल्यावर मात्र अचूकता वाढली. आपण त्यांच्या जागी जातो तेव्हा आपलीच आवड, आपलीच लाज घेऊन जातो.

विचारायचं कसं, यात थोडं कौशल्य लागतं. निरोप असा असू शकतो :

‘नमस्कार. पुढच्या महिन्यात आपला मेळावा आहे. तुम्हाला यायला, काही करायला किंवा नुसतं बसून बघायला, जे आवडेल ते कळवा. मंचावर यावंसं वाटलं तर विषय तुमचा. वेळेचं, जेवणाचं, बसण्याचं काही सांगायचं असेल तर तेही सांगा. नको असेल तर नको म्हणा, कारण विचारणार नाही.’

हा निरोप सगळ्यांना एकसारखा जायला हवा. जेवणाबद्दलचा प्रश्न मोजक्याच घरांना गेला, की ती घरं लगेच ‘वेगळी’ ठरतात. ‘कारण विचारणार नाही’ हेही मनापासून पाळा. नकारानंतर ‘का हो, तुमच्यात तर सगळे इतके उत्साही!’ असं म्हटलं तर आधीचा सगळा निरोप वाया गेला.

उत्तर अनपेक्षित येईल याची तयारी ठेवा. तुम्ही लोकनृत्याची वाट बघत असाल आणि ती मुलगी म्हणेल, मला विनोदी एकपात्री करायचंय. करू द्या.

पायरी ४ : निवेदनाची संहिता लिहून घ्या

इथं जरा थांबून काम करायला हवं. सुचेल तसं बोलणारा निवेदक कितीही हजरजबाबी असला, तरी घाईच्या क्षणी सर्वात आधी हाताशी येतो तो साचाच. पट्रिशिया डिवाइन यांनी १९८९ मध्ये दाखवलं, की लहानपणापासून कानावर पडलेले समज आपोआप जागे होतात, ज्यांचा त्यांवर विश्वास नाही त्यांच्याही मनात; ते बाजूला सारायला जाणीवपूर्वक लक्ष द्यावं लागतं. मंचावर, वेळ कमी असताना, ते लक्ष कुठून आणणार? ते आधी कागदावर द्यायचं.

नुसतं ‘जपून बोला’ सांगून मात्र भागत नाही. नील मॅक्रे, बोडेनहाउसन आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या प्रयोगात लोकांना मुंडण केलेल्या, एखाद्या आक्रमक टोळीतला वाटावा अशा तरुणाचा फोटो दाखवून त्याच्याबद्दल लिहायला सांगितलं. काहींना बजावलं, साचेबद्ध विचार टाळा. लिहिताना त्यांनी टाळला. नंतर त्याच तरुणाचं सामान ठेवलेल्या खुर्चीजवळ बसायची वेळ आली, तेव्हा हीच मंडळी इतरांपेक्षा लांब बसली. दाबलेला विचार उसळून येतो. म्हणून निवेदकाच्या हातात वगळायच्या शब्दांची यादी देऊ नका, बोलायची वाक्यं द्या.

परिचय ज्याचा त्याच्याकडूनच दोनतीन ओळींत लिहून घ्या. त्यात गाव, धर्म, भाषा त्यानं लिहिली असेल तरच बोला. नावाचा उच्चार कार्यक्रमाआधी खाजगीत विचारा आणि आपल्या लिपीत कागदावर लिहून ठेवा. ‘नाव जरा कठीणच आहे बरं का’ असं माइकवर कधीही म्हणू नका. त्यावर उठणारा हशा त्या माणसाला एकट्यालाच ऐकू येतो असं वाटतं.

मग संहितेवर कात्री चालवा. ‘आता येताहेत सदैव हसतमुख अशा समाजाचे आपले मित्र’ याऐवजी ‘आता येताहेत गेल्या वर्षी आपल्या वाचनालयाची सगळी यादी नव्यानं तयार करणारे आपले मित्र’. ‘यांच्या रक्तातच ताल आहे’ याऐवजी ‘ही रचना त्यांनी स्वतः बांधली आहे आणि आज पहिल्यांदा ऐकवताहेत’. दुसरी वाक्यं लिहायला माहिती लागते, माहितीसाठी ओळख लागते. ओळख नसेल तर नाव आणि कार्यक्रम एवढंच सांगा. त्यात काही उणं नाही.

पायरी ५ : पोशाख, नाटुकली आणि नकला

एखादी व्यक्ती स्वतःच्या परंपरेतलं काही स्वतःच्या इच्छेनं दाखवते, आणि दुसरं कुणी त्या समाजाचं सोंग घेतं, या दोन गोष्टींत मोठं अंतर आहे. दुसऱ्या परंपरेतली कला मनापासून शिकून, शिकवणाऱ्याचं नाव घेऊन सादर करणं हे सोंग नव्हे. पण त्वचेला रंग फासणं, उच्चारांची नक्कल, पूजेतल्या किंवा शोकातल्या वस्तू गंमत म्हणून अंगावर चढवणं, हे मुलांच्या स्पर्धेतही नको. ‘लहान आहेत, त्यांना काय कळतं’ असं म्हणतात. ज्या मुलाच्या आईवडिलांची नक्कल होते त्याला सगळं कळतं.

माणसांना त्यांच्या ‘नैसर्गिक’ रूपात मांडून ठेवण्याला इतिहास आहे, म्हणूनही हे खोल लागतं. १९५८ च्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात काँगोतल्या कारागिरांना गवती झोपड्यांच्या देखाव्यात बसवलं होतं. प्रेक्षक कुंपणापलीकडून केळी आणि नाणी फेकत. अखेर प्रदर्शन संपण्याआधीच ते कारागीर निघून गेले. आधुनिकतेचा आणि मैत्रीचा गौरव करणारं म्हणूनच ते प्रदर्शन भरवलं होतं.

सोपा नियम : पोशाख ऐच्छिक, सगळ्यांना. ‘पारंपरिक पोशाखात यावे’ असं निमंत्रणात छापलं तर काही जणांसाठी तो सण असतो आणि काही जणांसाठी वर्षभर टाळलेल्या प्रश्नांना आमंत्रण. सजावट आणि फलकांसाठीही हेच. चित्र लावण्याआधी त्या चित्रातल्या समाजाच्या कुणालातरी दाखवा.

पायरी ६ : तारीख आणि जेवण

तारीख ठरवण्याआधी सगळ्यांचे सण आणि उपवास बघा. जेवणाच्या पाट्यांवर घटक लिहा, कुणासाठी आहे ते लिहू नका. बस्स.

पायरी ७ : तरीही कुणी बोललंच, तर

बोलणारच. बहुधा घरातलंच एखादं वडीलधारं माणूस, अतिशय प्रेमानं. तेव्हा सगळ्यांच्या नजरा ज्याच्याबद्दल बोललं गेलं त्याच्याकडे वळतात, आणि तो हसून वेळ निभावतो. हे ओझं त्याच्यावर टाकू नये. हेदर रसिन्स्की आणि अलेक्झांडर चॉप यांच्या २०१० च्या अभ्यासात वर्णभेदी बोलण्याला एका प्रसंगात कृष्णवर्णीय व्यक्तीनं आक्षेप घेतला, दुसऱ्यात श्वेतवर्णीय व्यक्तीनं. गोऱ्या प्रेक्षकांना दुसऱ्याचं म्हणणं जास्त पटलं; पहिली व्यक्ती जास्त उद्धट वाटली. हे अन्यायाचं आहे, पण त्यातून कामाची गोष्ट कळते : ज्याला झळ लागलेली नाही त्यानं बोलायचं. शक्यतो यजमानानं.

चॉप आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हेही पाहिलं, की टोकल्यावर माणसं नाराज होतात, टोकणाऱ्याला नावं ठेवतात, पण नंतर त्यांच्या उत्तरांत साचे कमी दिसतात. थोडी नाराजी सोसायची तयारी ठेवा.

माइकवर घडलं तर माइकवरच, दोन वाक्यांत, आवाज न चढवता : ‘काका, कौतुक अगदी योग्य आहे, फक्त ते यांच्या मेहनतीचं आहे. आता आपण यांनी केलेल्या कामाबद्दल ऐकूया.’ आणि लगेच पुढे जा. सविस्तर बोलणं नंतर, एकट्याशी. तिथं ‘तुमच्या मनात वाईट नव्हतं हे मला माहीत आहे’ इथून सुरुवात करा, पण तिथंच थांबू नका. ‘समोरच्याला ते कसं लागलं असेल, सांगतो’ हा पुढचा भाग महत्त्वाचा. मोठ्यांचा मान राखायचा म्हणजे त्यांना न सांगणं, असं मला वाटत नाही. पुढच्या वेळी त्यांच्याकडून तेच होऊ नये म्हणून बोलणं, हाही मानच आहे.

आणि ज्याला लागलं त्याच्याकडे त्याच दिवशी जा. ‘ते वाक्य ऐकलं मी. ते बरोबर नव्हतं.’ बोलणाऱ्याचा बचाव करू नका, माफी मिळवायची घाई करू नका. त्याला बोलायचं नसेल तर तेही चालेल. वाक्य तुमच्याच तोंडून गेलं असेल तर आणखी थोडक्यात : काय बोललात ते म्हणा, चुकलं म्हणा, थांबा. ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ हे लांबत गेलं की शेवटी त्यालाच तुमची समजूत घालावी लागते.

पायरी ८ : कार्यक्रमानंतर

अभिप्रायाचा कागद नाव न लिहिता भरता यावा, आणि त्यात ‘आज कुठलं बोलणं किंवा कुठली गोष्ट खटकली का?’ हा एक मोकळा प्रश्न असावा. वाईट वाटलेली माणसं सहसा तक्रार करत नाहीत, ती येईनाशी होतात. म्हणून उपस्थितीची यादी गेल्या वर्षीच्या यादीशेजारी ठेवून बघा. कोण आलं नाही, कोणत्या घरातून फक्त मुलं आली, कोण मंचावरचं काम सोडून मागे जाऊन बसलं. त्यांना फोन करा, पण ‘का आला नाहीत?’ असं विचारू नका. पुढच्या वर्षीच्या पहिल्या बैठकीची तारीख सांगा आणि त्यांना सोयीची वेळ कोणती ते विचारा.